पीएलसीवरचा पिवळा दिवा आणि चार जुने फोर्स: काढायचे कसे?

तुमचा प्रश्न वाचला. इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडतो. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, आणि फोर्स म्हणजे त्याच्या एखाद्या इनपुटला किंवा आउटपुटला लॅपटॉपवरून जबरदस्तीने दिलेली ० किंवा १ अशी किंमत. गोव्यात वेर्ण्यातल्या एका कारखान्यात तुम्ही दोन महिन्यांपूर्वी मेन्टेनन्सला लागलात. बाटल्या भरण्याच्या लाइनवर सीमेन्सचा एस७-३०० हा पीएलसी आहे आणि त्याच्या सीपीयूवरचा (मुख्य मॉड्यूलवरचा) एफआरसीई नावाचा पिवळा दिवा तुम्ही आल्यापासून पेटलेलाच आहे. लॅपटॉप जोडला तेव्हा चार फोर्स सापडले (आय म्हणजे इनपुट, क्यू म्हणजे आउटपुट): आय ०.३ (बाटली अडकल्याचे सांगणारा फोटो सेन्सर) ० वर, आय १.२ (स्टारव्हीलच्या, म्हणजे बाटल्या पुढे नेणाऱ्या खाचांच्या चाकाच्या, कव्हरचा लिमिट स्विच) १ वर, आय २.० (हवेच्या दाबाचा प्रेशर स्विच) १ वर आणि क्यू ४.५ (कन्व्हेयरवर साबणपाणी सोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) १ वर. कुणी, कधी, कशासाठी घातले याची नोंद कुठेच नाही आणि आधीचे इंजिनिअर नोकरी सोडून गेले. सुपरवायझर म्हणतात, ‘लाइन चालतेय ना? मग हात लावू नकोस.’ तुम्ही विचारता, सगळे फोर्स एकदम काढून टाकू का? शिवाय शेजारच्या लेबलिंग मशीनच्या रॉकवेल कंपनीच्या कंट्रोलरवर (तोही पीएलसीच) फोर्सचा दिवा लुकलुकतो, त्याचा अर्थ काय?

आधी उत्तर देतो, मग कारणे. एकदम काढू नका. आय १.२ चा निकाल मात्र आजच्या आज लावा. त्यासाठी लाइन थांबवावी लागली तरी थांबवा. बाकीचे तीन चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) शटडाउनपर्यंत थांबले तरी चालतील, पण त्यांची तपासणी आजपासून सुरू करा.

मी फोंड्याला राहतो. २३ वर्षे कुंडई, वेर्णा, डिचोली या पट्ट्यात पॅनेल आणि पीएलसीचीच कामे करतो आहे. जुन्या प्लांटमध्ये पाऊल टाकले की मी पहिल्यांदा सीपीयूवरचे दिवे बघतो, आणि फोर्सचा दिवा पेटलेला कितीदा तरी दिसतो. घालणारा माणूस वाईट नसतो. रात्री दोनला सेन्सर मेलेला असतो, स्टोअरला कुलूप असते, ट्रक गेटवर उभा असतो. तो फोर्स घालतो, लाइन चालू होते, आणि सकाळच्या शिफ्टला सांगायचे राहून जाते.

फोर्स काढायचा कसा, कुठे क्लिक करायचे, हे मॅन्युअलमध्ये मिळेल. तुमची अडचण वेगळी आहे. या चार जागी प्लांटची खरी स्थिती पीएलसीपर्यंत पोचत नाही, आणि ती काय आहे हे तुम्हालाही अजून ठाऊक नाही. ते ठाऊक नसताना फोर्स काढलात तर पीएलसीला खरी स्थिती एका क्षणात कळते आणि तो त्याच क्षणी वागायला लागतो. कसा वागेल, ते आधी कागदावर आणायचे आहे.

इनपुटवरचा फोर्स आणि आउटपुटवरचा फोर्स यांत फरक आहे. इनपुटला फोर्स घातला की सेन्सर काहीही सांगो, प्रोग्रामला ठरावीक उत्तरच मिळते. प्रोग्राम आपले काम चोख करतो, फक्त खोट्या माहितीवर. आउटपुटला फोर्स घातला की प्रोग्रामचे त्या आउटपुटवर काही चालतच नाही. प्रोग्राममधल्या तुमच्या क्यू ४.५ च्या ओळीत टाकीच्या लेव्हलचा इंटरलॉक (अट पुरी नसेल तर अडवणारी व्यवस्था) असेल, टायमर असेल, लाइन बंद असताना पाणी बंद करण्याची अट असेल; त्यातले काहीही सोलेनॉइडपर्यंत पोचत नाही. मोटर किंवा सिलिंडरच्या आउटपुटवरचा फोर्स मी म्हणूनच सगळ्यांत वाईट मानतो. व्हेरिएबल टेबलमधून ‘मॉडिफाय’ करून एकदा किंमत लिहिणे ही निराळी गोष्ट आहे. ती पुढच्या स्कॅनमध्ये, म्हणजे पुढच्या फेरीत, प्रोग्राम बदलू शकतो. फोर्स सीपीयूमध्ये बसून राहतो. तुम्ही खिडकी बंद केलीत, लॅपटॉप काढून घरी नेलात, तरी तो तिथेच असतो. वीज घालवून पुन्हा आणली की जाईल, यावरही विसंबू नका. ते मेक, मॉडेल आणि मेमरीवर अवलंबून असते.

विसरलेल्या फोर्सने काय होते ते मी माझ्याच हातून झालेल्या चुकीवरून सांगतो. २०१२ च्या बंदीआधी खाणी जोरात चालू होत्या तेव्हाची गोष्ट. डिचोली भागातल्या एका खनिज धुण्याच्या प्लांटवर जुलैच्या पावसात कन्व्हेयरच्या स्पीड स्विचमध्ये पाणी गेले. हा स्विच टेल पुलीवर असतो. बेल्ट खरोखर पुढे सरकतो आहे की नाही, हे तो सांगतो. सिग्नल मिळेना म्हणून कन्व्हेयर चालू राहीना. मी त्या इनपुटला १ चा फोर्स घातला, नवा स्विच मागवायचा असे वहीत लिहिले आणि पहाटे घरी गेलो. स्विच आला, बसवलाही गेला. फोर्स तसाच राहिला. दिवाळीच्या सुमाराला बेल्ट भरलेला असताना हेड पुलीवर घसरला. पुली फिरत राहिली, बेल्ट जागच्या जागी. नवा स्विच अगदी बरोबर ‘बेल्ट थांबला’ म्हणून सांगत होता, पण ऐकणारे कुणी नव्हते. पुलीवरच्या रबराचा धूर निघाला. त्याच बिटवर मागच्या कन्व्हेयरचा इंटरलॉक होता, त्यामुळे तोही माल ओततच राहिला आणि शूट (माल खाली सोडणारी घसरगुंडी) गळ्यापर्यंत भरला. फावड्याने तो मोकळा करायला दोन शिफ्ट लागल्या. कुणाला इजा झाली नाही. पण त्या शूटखाली माणसे जेवायला बसायची, ते आठवले की आजही मला कसेतरी होते.

आता तुमच्या लाइनकडे वळू. पहिल्या दिवशी फक्त बघायचे, काहीही बदलायचे नाही. ऑनलाइन जाऊन ‘डिस्प्ले फोर्स व्हॅल्यूज’ उघडा. ही यादी सीपीयूमधून येते, म्हणून ती खरी. लॅपटॉपवरच्या प्रोजेक्टमध्ये ती शोधत बसू नका. ऑफलाइन प्रोग्रामवरून एस७-३०० मधले फोर्स कळत नाहीत. स्क्रीनचा फोटो घ्या, तारीख-वेळ टाका. मग सीपीयूमधला प्रोग्राम अपलोड करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तुमच्याकडच्या जुन्या बॅकअपशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो आधी समजून घ्या, कारण ज्याने चार फोर्स घातले त्यानेच प्रोग्राममध्येही एखादा काँटॅक्ट शॉर्ट केलेला असू शकतो.

त्यानंतर मी जे करतो त्याला आमची पोरे ‘तीन दिव्यांची तपासणी’ म्हणतात. प्रत्येक इनपुटची तीन ठिकाणे बघायची: सेन्सरच्या अंगावरचा दिवा, इनपुट कार्डावरचा त्या चॅनलचा दिवा, आणि प्रोग्राममधला बिट. कार्डावरचा दिवा हा टर्मिनलवर प्रत्यक्ष आलेल्या २४ व्होल्टचा असतो. फोर्सने तो बदलत नाही. म्हणून कार्डावरचा दिवा विझलेला आणि प्रोग्राममध्ये मात्र १, असे दिसले तर मध्ये फोर्स आहे. उलट सेन्सर विझलेला आणि कार्डावरचा दिवा पेटलेला, तर दोष वायरिंगमध्ये आहे: केबल शॉर्ट, नाहीतर कुणीतरी टर्मिनलवर जंपर मारलेला. अशा जंपरला एफआरसीई दिवा लागत नाही, कुठल्याही यादीत तो सापडत नाही, आणि जिथे फोर्स निघतात तिथे जंपरही हटकून निघतात. डक्टची झाकणे काढून बघा. खालच्या बाजूला, दोन टर्मिनलांच्या मध्ये, वायरच्या छोट्या तुकड्याचा वळसा असतो. बहुतेक वेळा तो पॅनेलच्या मूळ वायरिंगच्या रंगाचा नसतो. आउटपुटसाठी प्रोग्राममधला बिट आणि कार्डावरचा दिवा जुळतात का ते बघायचे, आणि न्यूमॅटिक सोलेनॉइड असेल तर त्याच्यावरचा हाताने दाबायचा पिवळा-निळा नॉब कुणी फिरवून लॉक केलेला नाही ना, तेही.

एस७-३०० ची एक खोच इथेच सांगून ठेवतो, कारण तिने मला एकदा दिवसभर फिरवले आहे. या सीपीयूत फोर्स प्रोसेस इमेजवर, म्हणजे इनपुट-आउटपुटच्या मेमरीतल्या प्रतीवर, बसतो. प्रोग्राममध्ये कुणी इनपुट थेट कार्डाच्या (पेरिफेरल) पत्त्यावरून वाचले असेल तर तिथे खरी किंमत येते, फोर्सची नाही. प्रोग्रामनेच त्या इनपुट बाइटवर काही लिहिले, तर फोर्सची किंमत पुसलीही जाऊ शकते. म्हणजे एकाच सेन्सरबद्दल प्रोग्रामच्या दोन भागांत दोन वेगळ्या समजुती असू शकतात. सीमेन्सच्याच मोठ्या एस७-४०० मध्ये फोर्स पक्का बसतो. क्रॉस रेफरन्स (पत्ता प्रोग्राममध्ये कुठे कुठे वापरला याची यादी) काढताना म्हणूनच आय २.० एवढेच शोधू नका. आयबी २, आयडब्ल्यू २ (तेच इनपुट बाइट किंवा वर्डमधून वाचलेले) आणि पीआयबी २, पीआयडब्ल्यू २ (थेट कार्डावरून वाचलेले) हेही शोधा.

आता तुमचे चार फोर्स एकेक करून.

आय १.२, कव्हर. स्टारव्हील फिरत असताना कुणी हात घालू नये म्हणून तो स्विच तिथे आहे. तो खरोखर काय करतो, हे सगळे वायरिंगवर अवलंबून आहे. ड्रॉइंग काढा. कव्हरच्या स्विचचे मुख्य काँटॅक्ट सेफ्टी रिलेकडे (पीएलसीवर न विसंबता मशीन थांबवणाऱ्या वेगळ्या रिलेकडे) जात असतील आणि पीएलसीला फक्त ‘कव्हर उघडे’ हा मेसेज दाखवण्यासाठी एक जादा काँटॅक्ट आला असेल, तर फोर्समुळे बिघडले ते फक्त मेसेजचे. ड्रॉइंगवर नुसता विश्वास ठेवू नका. मशीन थांबलेली, हवा काढलेली, अशा स्थितीत कव्हर उघडा आणि सेफ्टी रिलेचे चॅनलचे दिवे विझतात का ते डोळ्यांनी बघा. ते विझले तर घाबरायचे कारण नाही. पण सेफ्टी रिले नाहीच, किंवा आहे पण कव्हर त्यात घेतलेले नाही, आणि स्विच थेट पीएलसीत येतो, असे असेल तर आज तुमच्या लाइनवर उघड्या कव्हरने स्टारव्हील फिरू शकते. मग ती लाइन चालवायची नाही. स्विच दुरुस्त होईपर्यंत कव्हर बोल्ट लावून, हत्याराशिवाय उघडणार नाही असे बंद करा आणि मालकाला लेखी कळवा. नंतर ते कव्हर सेफ्टी रिलेत घेऊन वायरिंगच बदलून घ्या. साध्या पीएलसीच्या एका इनपुटवर माणसाचा हात सोपवू नये, फोर्स असो वा नसो.

आय २.०, हवेचा दाब. इथे आधी लाइनच्या तोंडाशी असलेल्या रेग्युलेटरवरचा गेज बघा. गेज ६ बार दाखवतोय आणि कार्डावरचा दिवाही पेटलेला आहे, तर स्विच ठीक आहे आणि फोर्स नुसताच विसरलेला आहे. गेज ६ बार दाखवतोय पण दिवा विझलेला, तर स्विच किंवा त्याची केबल गेली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या हमखास सापडतात. आणि गेजच ४ वर असेल, तर कुणीतरी कमी दाबावर लाइन ओढण्यासाठी फोर्स घातला आहे. मग कॉम्प्रेसर, ड्रायर, पाणी साचलेले फिल्टर यांकडे जावे लागेल. पावसाळ्यात हे फारच होते. फोर्स काढून हा प्रश्न सुटणार नाही. लाइन फक्त बंद पडेल आणि दोष तुमच्यावर येईल.

आय ०.३, बाटली अडकणे. ० वर फोर्स म्हणजे ‘अडकलेली नाही’. लेन्सवर साबणपाण्याचे डाग साचून सेन्सर कायम ‘अडकली’ म्हणत असणार असा माझा अंदाज आहे. लेन्स पुसा, ब्रॅकेट हलला आहे का बघा, कार्डावरचा दिवा बाटलीबरोबर पेटतो-विझतो का ते बघा. आणि हो, क्यू ४.५ मुळे साबणपाणी अखंड वाहते आहे, तेच उडून लेन्सवर बसत असेल तर एका फोर्सने दुसऱ्याला जन्म दिला आहे. पाणी अखंड वाहिल्याने तिथली जमीन निसरडी झालेली असेल, म्हणून चारांत दुसरा नंबर मी क्यू ४.५ ला देईन. टाकीचा लेव्हल स्विच तपासा. बहुधा तो अडकून इंटरलॉक लागला आणि कुणीतरी सरळ आउटपुटच पेटवून ठेवले.

आता काढण्याबद्दल. बहुतेक लोकांना घालताना भीती वाटते आणि काढताना वाटत नाही. मला काढतानाच जास्त वाटते, त्याचे कारण असे. काही वर्षांपूर्वी एका पॅकिंग लाइनवर क्रेट आल्याचा सेन्सर सफाईपुरता ० वर फोर्स केला होता, म्हणजे पुशर चालू नये. सफाई ‘झाली’ असे कुणीतरी ओरडले आणि लॅपटॉपवाल्याने फोर्स काढला. सेन्सरसमोर क्रेट खरोखर उभा होता. प्रोग्रामला तो ० वरून १ झालेला दिसला, म्हणजे नवा क्रेट आला असे वाटले, आणि ३०० मिलिमीटरचा पुशर सपकन बाहेर आला. हवा बंद केलेली नव्हती. गाइड पुसत असलेल्या पोराची बाही त्यात सापडून टर्रकन फाटली. ‘कितें जालें?’ एवढेच तो म्हणाला. त्याला कळलेच नव्हते. मी दोन पावलांवर उभा होतो.

तेव्हापासून माझी पद्धत पक्की आहे. फोर्स काढण्याआधी खरी किंमत फोर्सच्या किमतीएवढी करून घ्यायची. आय २.० ला १ चा फोर्स आहे ना? मग आधी स्विच बदला, हवा द्या, कार्डावरचा दिवा पेटलेला बघा, आणि मग फोर्स काढा. प्रोग्रामच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, म्हणून मशीनही जागची हलत नाही. आउटपुटला हेच लागू: क्यू ४.५ चा बिट प्रोग्राममध्ये १ झालेला दिसेपर्यंत थांबा, किंवा पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने बंद करून मग काढा. जिथे दोन्ही जुळवता येत नाहीत, तिथे मेन आयसोलेटरला कुलूप, हवेच्या व्हॉल्व्हला कुलूप, उरलेली हवा सोडून दिलेली, वर धरून राहिलेले सिलिंडर खाली टेकवलेले, आणि कुलपाची किल्ली प्रत्यक्ष मशीनवर असलेल्या माणसाच्या खिशात. पीएलसीला वेगळा सप्लाय असतो, तो चालू ठेवूनच हे काम होते. म्हणून मोटर आणि हवा यांची कुलपे वेगळी लागतात.

एका वेळी एकच फोर्स. काढण्याआधी वहीत एक ओळ लिहायची: ‘हा काढल्यावर अमुक होईल.’ मग काढायचा. लिहिल्याप्रमाणे झाले तर पुढचा. वेगळे काही झाले तर तिथेच थांबायचे, पुन्हा फोर्स घालून पुढे रेटायचे नाही. तुम्हाला प्रोग्राम पूर्ण कळलेला नाही असा त्याचा अर्थ. शेवटी सेन्सरची खरी परीक्षा: बाटली हाताने सेन्सरसमोर धरून ठेवा आणि कन्व्हेयर थांबतो का बघा, रेग्युलेटर हळूहळू उतरवून कमी दाबाचा अलार्म येतो का बघा. ही परीक्षा झाल्याशिवाय तो फोर्स निघाला असे मी मानत नाही.

एस७-३०० वर ‘स्टॉप फोर्सिंग’ दिले की सगळा फोर्स जॉब एकदम जातो. एकच काढायचा असेल तर फोर्सच्या यादीतून ती ओळ काढून उरलेल्या ओळींचा जॉब पुन्हा द्यावा लागतो. तिथे ‘अनडू’ नाही. म्हणून स्टोअरमध्ये स्पेअर सीपीयू असेल तर टेबलावर २४ व्होल्ट देऊन, दोन फोर्स घालून, एक काढून बघा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि लाइनवर हात थरथरत नाहीत.

आता रॉकवेल. दिवा लुकलुकतो याचा अर्थ: फोर्स घातलेले आहेत, पण ते लागू केलेले नाहीत. म्हणजे आज त्यांचा काही परिणाम नाही. म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात, आणि धोका नेमका तिथेच आहे. उद्या रात्री कुणाला एखाद्या सेन्सरला फोर्स घालायचा असेल. तो आपला एक घालेल आणि ‘एनेबल’ दाबेल. त्या क्षणी त्याच्या एकाबरोबर जुने, कुणाच्या ध्यानीमनी नसलेले सगळे फोर्स जिवंत होतील. तेव्हा ते डिसेबल असतानाच यादी काढा, खात्री करा आणि एकेक काढून टाका. डिसेबल असल्यामुळे इथे काढताना मशीनवर परिणाम होत नाही, हा तुमचा फायदा. उलट बाजूही सांगतो: रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्स कंट्रोलरवर तो दिवा स्थिर पेटलेला असेल तर फोर्स एनेबल आहेत, मग यादीत एकही नसला तरी. अशा वेळी नवा फोर्स घातला की तो विचारत बसत नाही, लगेच लागू होतो. म्हणून काम झाल्यावर काढणे आणि डिसेबल करणे, दोन्ही करायचे. प्रोजेक्टच्या फाइलमध्येही फोर्स साठून राहतात. जुना बॅकअप डाउनलोड करताना फोर्सबद्दल सूचना आली तर ती वाचा, घाईत एंटर मारू नका. आणि लेबलिंग मशीनचे एखादे इनपुट दुसरा कंट्रोलरही ऐकत असेल, तर त्याला खरी किंमतच मिळते. फोर्स फक्त घालणाऱ्या कंट्रोलरपुरता.

रॉकवेलवर अ‍ॅनालॉग इनपुटलाही फोर्स घालता येतो, आणि तो डोळ्यांना सहज कळत नाही. ओळखायची खूण म्हणजे ट्रेंड, किमतीचा वेळेनुसार काढलेला आलेख. खरा दाब, खरे तापमान थोडे तरी थरथरते. रेषा आठवडाभर पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल, तर फोर्स, सिम्युलेशन किंवा टर्मिनलला लावून विसरलेला ४ ते २० मिलिअ‍ॅम्पचा कॅलिब्रेटर, यांपैकी काहीतरी आहे.

यापुढे फोर्स घालायचाच नाही, असे मी म्हणणार नाही. कमिशनिंगला, वायरिंग तपासायला तो लागतो आणि मीही वापरतो. पण नोंद हवी. पॅनेलच्या दाराला आतून एक कागद लावा: पत्ता, फोर्सची किंमत, कारण, घालणाऱ्याचे नाव, वेळ, कधीपर्यंत, आणि त्या सेन्सरच्या जागी लक्ष कोण ठेवणार. शेवटचा रकाना लोक गाळतात. स्पीड स्विच बंद ठेवायचा असेल तर बेल्टजवळ एक माणूस उभा राहिला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे. माझ्या त्या कन्व्हेयरवर कुणी उभे नव्हते. शिफ्ट बदलताना तो कागद दोघांनी मिळून वाचायचा. इमर्जन्सी स्टॉप, कव्हर, पुल कॉर्ड (कन्व्हेयर थांबवायची दोरी), बॉयलर-बर्नरचे इंटरलॉक यांना फोर्स कुणाच्याही सहीने नाही.

दिवा पॅनेलच्या आत असतो, पॅनेलला कुलूप असते, म्हणून तो वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही. तो बाहेर आणा. रॉकवेलवर जीएसव्ही इन्स्ट्रक्शनने ‘फोर्सस्टेटस’ वाचता येतो: एक बिट सांगतो फोर्स घातलेले आहेत का, दुसरा सांगतो एनेबल आहेत का. रॉकवेलच्याच जुन्या एसएलसी ५०० वर तेच एस:१/६ आणि एस:१/५ या बिटांत मिळते. एस७-३०० वर एसएफसी ५१ या तयार फंक्शनने सीपीयूच्या दिव्यांची स्थिती वाचून त्यातला एफआरसीई काढता येतो. हा बिट एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) मोठ्या पिवळ्या पट्टीत दाखवा, ‘फोर्स चालू आहे’ असे ऑपरेटरला वाचता येईल अशा मराठीत किंवा कोकणीत. माझ्या अनुभवात ही पट्टी लागली की आठवड्याभरात ऑपरेटरच विचारायला येतात, ‘हे कधी जाणार?’

सुपरवायझरांशी भांडू नका. ‘फोर्स काढतो’ असे म्हणालात तर त्यांना लाइन बंद पडलेली दिसते. त्याऐवजी तीन दिव्यांच्या तपासणीचा कागद त्यांच्यासमोर ठेवा: कव्हरचा हा फोटो, साबणपाण्याचा दिवसाचा हा खर्च, शटडाउनमध्ये लागणारे हे चार तास आणि हे दोन सेन्सर. कव्हरच्या बाबतीत मात्र शटडाउनची वाट बघायला त्यांनी सांगितले तरी थांबू नका, त्यांच्या वरच्या माणसाकडे जा.

कव्हरचे ड्रॉइंग सापडत नसेल तर स्विचपासून केबल हाताने धरून टर्मिनलपर्यंत जा आणि टर्मिनलचे नंबर इथे लिहा. सेफ्टी रिलेच्या पुढच्या बाजूचा फोटोही टाका. मी आज रात्री जेवणानंतर बघतो.